खाली कोण, वर कोण?

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीत एवढं मोठं लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आपल्या मेसमधल्या आमटीसारखं गोड मानून घ्या. पण विषय असा आहे की तो इंग्रजीत लिहिला असता तर माझ्या आजीला वाचता आला नसता, आणि या लेखातली निम्मी अक्कल तिचीच आहे.

तर झालं असं. मिरजेत लक्ष्मी मार्केटपासून थोड्या अंतरावर आमची एक जुनी इमारत आहे. पणजोबांनी बांधलेली. खाली चार गाळे, वर कडीपाटाची माडी, मधून एक लाकडी जिना आणि मागे छोटं अंगण. माझ्या लहानपणी चारही गाळे चालू होते. आता तीन बंद. उघडा आहे तो फक्त टेलरकाकांचा. वरच्या माडीवर कबुतरं. गेल्या दिवाळीत काकांनी विषय काढला, "विकून टाकू. बिल्डर तयार आहे." बाबा गप्प. आजी उठून आत गेली. आणि मी, थर्ड इयर सिव्हिल, नुकताच एक पेपर क्लिअर झाल्याच्या जोशात, बोलून बसले, "मला एक सुट्टी द्या. यात कुठली दुकानं चालतील ते मी शोधून देते."

काका हसले. म्हणाले, "दिली. मे महिना तुझा."

मित्रहो, त्या एका महिन्यात मी जे शिकले ते इथे धड्यांच्या रूपात मांडते. जवळपास प्रत्येकाच्या गावात अशी एखादी इमारत असतेच.

धडा पहिला : आपल्याला काय आवडतं हा प्रश्नच नाही

माझी पहिली यादी ऐका : कॉफी शॉप, केक शॉप, गेमिंग झोन. म्हणजे थोडक्यात, हॉस्टेलवरून शनिवारी आम्ही जिथे जातो ते सगळं! आजीला वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "अगं, वर कोण चढणार तुझी कॉफी प्यायला?"

राग आला, पण मग हिशोब मांडला. समजा कॉफी शॉपचं भाडं १८,००० रुपये. दोन मुलांचा पगार आणि एसीचं बिल मिळून ३०,०००. झाले ४८,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचा खर्च सुमारे १,८५०. एका कपामागे ४० रुपये सुटतात असं मानलं तरी रोज ४६ कप विकले तेव्हा कुठे खर्च निघणार. मालकाच्या हातात अजून एक रुपयाही नाही. आता साधा चहावाला घ्या. भाडं ६,०००, स्वतःच उभा राहणार. रोजचे २३१ रुपये भाडं, कपामागे ३ रुपये सुटले तर ७७ कप. ४६ पेक्षा ७७ मोठा आकडा आहे, पण आमच्या रस्त्यावर ७७ चहा सकाळी अकराच्या आत जातात. महागडी कॉफी पिणारे ४६ लोक रोज आणायचे कुठून?

म्हणजे "कुठलं दुकान छान दिसेल" हे विचारायचंच नाही. "या दारावरून कोण जातं आणि त्याच्या हातात काय आहे" हे विचारायचं.

धडा दुसरा : मोजा!

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे कंटाळतो. पण मी टेलरकाकांकडून एक स्टूल घेतलं आणि त्यांच्या गाळ्याच्या पायरीवर वही घेऊन बसले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकदा आठवडाभर, आणि मग रविवारी परत. फक्त माणसं मोजली नाहीत; कोण आहेत, कुठून कुठे चाललेत, थांबतात का, हेही लिहिलं.

मिरजेबद्दल थोडं सांगायला हवं. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढे मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव अशी ओळख झाली. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही पेशंट येतात. पेशंट आत असतो, पण त्याच्याबरोबरचे दोन-तीन नातेवाईक बाहेर असतात. माझ्या वहीत सकाळी दहा ते चार या वेळात सगळ्यात जास्त खुणा कुणाच्या असतील तर या लोकांच्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, पाण्याची बाटली, चेहऱ्यावर झोप नाही. त्यांना हवं असतं काय? बसायला जागा, स्वस्त पोळी-भाजी, झेरॉक्स, मोबाईलचं चार्जिंग, आणि (हे लिहायला लाजायचं कारण नाही) स्वच्छ संडास. विशेषतः बायकांना.

संध्याकाळी पाचनंतर रस्ता बदलतो. हे लोक कमी होतात आणि पेठेतल्या घरच्या बायका, क्लासची मुलं दिसू लागतात. रात्री आठनंतर शुकशुकाट.

नंतर लायब्ररीत जेन जेकब्स यांचं १९६१ सालचं अमेरिकन शहरांवरचं पुस्तक हाती लागलं. त्यांचा एक मुद्दा हाच आहे : रस्ता जिवंत राहायचा तर वेगवेगळ्या कामासाठी, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडणारी माणसं तिथे हवीत. आणि दुसरा मुद्दा तर माझ्याच बाजूचा निघाला. नवीन इमारतीचं भाडं नवख्या धंद्याला परवडत नाही, म्हणून शहराला काही जुन्या इमारती लागतातच. हे वाचून मी लायब्ररीतच "येस!" म्हणाले. सरांनी वर बघितलं.

धडा तिसरा : खाली सहज येणारे, वर मुद्दाम येणारे

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. जाता जाता थांबणारं गिऱ्हाईक जिना चढत नाही. वडापावसाठी कोणी वीस पायऱ्या चढत नाही. पण डॉक्टर, वकील, क्लास यांच्याकडे माणूस ठरवूनच निघालेला असतो, तो चढतो. म्हणून रस्त्याला लागून असलेल्या गाळ्यात रोजच्या गरजेचं, आणि माडीवर मुद्दाम येण्यासारखं.

सॅन फ्रान्सिस्कोची फेरी बिल्डिंग बघा. १८९८ साली सुरू झालेलं हे बोटींचं स्टेशन. १९३६ आणि १९३७ साली खाडीवर दोन मोठे पूल झाले, लोक गाडीने जाऊ लागले, आणि इमारत ओस पडली. वर तिच्या तोंडासमोरून दुमजली फ्रीवे गेला! १९८९ च्या भूकंपात त्या फ्रीवेचं नुकसान झालं, तो १९९१ मध्ये पाडला, आणि २००३ साली दुरुस्त होऊन इमारत पुन्हा उघडली. खाली पाव, चीज, मासे, भाजी असे खाण्याचे गाळे आणि वर ऑफिसेस. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूसच दुपारी खाली गिऱ्हाईक होतो. एकाच इमारतीत एकमेकांना पोसणारे धंदे.

मग मिरजेत मुद्दाम येणारं कोण? उत्तर आमच्या नाकासमोर होतं. सतार आणि तंबोरा! मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय टॅगही मिळाला. लांबून लांबून गाणारे लोक वाद्य घ्यायला, जवारी काढून घ्यायला येतात. तंबोरा घेणारा माणूस वीस पायऱ्यांना घाबरत नाही. उलट त्याला शांत जागाच हवी असते, कारण सूर ऐकायचा असतो. बाबांच्या ओळखीचा एक तरुण कारागीर अशीच जागा शोधत होता.

धडा चौथा : जमीन काय म्हणते?

इथे आपलं सिव्हिल कामाला आलं. आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये कुठल्या वापराला मजल्यावर किती भार धरायचा ते दिलंय. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. वर्गखोलीला ३. किरकोळ दुकानाला ४. घाऊक मालाच्या दुकानाला कमीत कमी ६. म्हणजे राहण्यासाठी बांधलेल्या माडीवर धान्याच्या पोत्यांचं गोदाम टाकलं तर तिप्पट भार! आणि आमची माडी तर शंभरीच्या जवळ आलेल्या लाकडी तुळयांवर. आमच्या एका सरांना फोटो पाठवले, मग ते स्वतः येऊन बघून गेले. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं टोचून बघितली, दोन ठिकाणी ओलीने लाकूड मऊ झालेलं निघालं. त्या दोन तुळया बदलल्याशिवाय वर कोणीच नाही, हे तिथेच ठरलं.

आणि इथेच खरं भांडण झालं.

त्याच आठवड्यात एक जण माडी मागायला आला. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची होती. भाडं २५,००० देणार, लगेच. काका खूश. बाबाही खूश. मी विचारलं, "मुलं किती बसवणार?" "साठ." साठ मुलं, लाकडी टेबलं, प्लायची पार्टिशन्स, प्रत्येकाचा चार्जर, रात्री अकरापर्यंत. आणि खाली उतरायला जिना एकच. तीन फुटी. लाकडी.

मी नाही म्हणाले. काका चिडले, "गावात सगळ्या अभ्यासिका अशाच चालतात!" खरंय, चालतात. मी म्हणाले, "काका, वायरिंग पेटलं तर पहिल्यांदा जिनाच धुराने भरणार. त्या साठात मी असते तर?" कोणीच काही बोललं नाही. २५,००० रुपये महिना माझ्या एका वाक्याने गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

हाच नियम मग तंबोऱ्याच्या कारागिरालाही लावला. जोडणी, तारा, जवारी, विक्री वर करायची. पण पॉलिशचं स्पिरिट आणि भुसा माडीवर नको, ते काम त्याच्या घरच्या कारखान्यातच. त्याने लगेच मान्य केलं.

धडा पाचवा : जो आहे त्याला हलवू नका

टेलरकाकांचं भाडं महिन्याला १८० रुपये. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये त्यांचा गाळा "रिकामा करून घेणे" असा लिहिला होता. जुन्या भाडेकरूला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा संरक्षण देतो, वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. १८० चे ४ टक्के म्हणजे सात रुपये वीस पैसे. मी वैतागले होते.

पण वही बघितली. आमच्या इमारतीसमोर थांबलेल्या माणसांपैकी बहुतेक जण टेलरकाकांपाशी थांबले होते. कोणी चेन बसवायला, कोणी पत्ता विचारायला, कोणी नुसतंच "काय काका" म्हणायला. आजी म्हणाली, "दिवा लागतो असा एवढाच गाळा राहिलाय. तोही विझवायचा?" प्लॅनमधली ती ओळ मी खोडली.

मग ठरलं काय?

एक : टेलरकाका आहेत तिथेच.
दोन : शेजारच्या गाळ्यात पोळी-भाजी, पिठलं-भाकरी. पेठेतल्या दोघी बहिणी चालवणार. सुरुवातीचे तीन महिने भाडं निम्मं, कारण गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो.
तीन : तिसऱ्या गाळ्यात वॉकर, व्हीलचेअर, हवेच्या गाद्या भाड्याने देणारं दुकान. ऑपरेशननंतर महिनाभरच लागणारी वस्तू विकत कोण घेणार? सामान जड, म्हणून खालीच.
चार : चौथ्यात झेरॉक्स, प्रिंट, चार्जिंग आणि बसायला दोन बाकं.
पाच : माडीवर तंबोरे, तुळया बदलल्यावर.

आणि या सगळ्याच्या आधी मागच्या अंगणातला संडास दुरुस्त. पहिला खर्च तोच केला. टेलरकाका सोडून सगळ्यांशी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर रजिस्टर करून.

सगळं मिळून येणारं भाडं त्या एका अभ्यासिकेपेक्षा थोडं कमीच आहे. बिल्डरच्या आकड्याशी तर तुलनाच नको. काकांनी एक वर्षाची मुदत दिलीय. पुढच्या मे महिन्यात हिशोब दाखवायचा, नाहीतर विक्री. म्हणजे माझी ही व्हायव्हा अजून संपलेली नाही. झेरॉक्सचा गाळा अजून रिकामा आहे. पण मागच्या सुट्टीत गेले तेव्हा पोळी-भाजीच्या गाळ्यासमोर एक म्हातारे आजोबा एक्स-रेचं पाकीट मांडीवर ठेवून शांतपणे जेवत होते. आजी वरून, खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही, फक्त मला हाताने "बघ" अशी खूण केली.

तुमच्याही गावात अशी इमारत असेल तर या सुट्टीत एक वही आणि एक स्टूल घेऊन तिच्यासमोर बसून बघा. दुकानाची नावं नंतर सुचतील. आधी माणसं मोजा.