संकटाची बेगमी

कोकणात पावसाळा तोंडावर आला, म्हणजे पूर्वी घरोघर एकच लगबग उडे. छपरे शाकारली जात, वाळलेले सरपण पडवीत रचले जाई. मीठ, मिरची, कोकम, पापड, सुकी मासळी यांनी मडकी आणि डबे भरत. या तयारीला बेगमी म्हणत. पुढे पावसाची झड लागो, ओढ्याला पूर येऊन वाट बंद होवो, बेगमी केलेल्या घरातील चूल विझत नसे. पाऊस थोपवणे गृहिणीच्या हाती नव्हते. पावसापूर्वी घर सज्ज करणे मात्र तिच्या हाती होते.

पुढे घरात नळ आला, वीज आली आणि दुकान हाकेच्या अंतरावर आले. तेव्हा बेगमी करण्याचे कारणच उरले नाही, असे माणसांना वाटू लागले. परंतु मोठी आपत्ती येते, तेव्हा तिचा पहिला घाव पडतो तो याच तीन आधारांवर.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून शेकडो घरे कोसळली. पूर ओसरला, आणि लोकांपुढे एक विलक्षण संकट उभे राहिले. ज्या शहरात आदल्या दिवशी पाण्याने हाहाकार उडवला होता, तेथे प्यायला पाणी मिळेना; कारण शहराला पाणी पुरवणारा खडकवासल्याचा जलाशयच रिता झाला होता.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. उपनगरांत अनेक ठिकाणी वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. सहस्रावधी माणसांनी ती रात्र कचेऱ्यांत, शाळांत आणि जागच्या जागी थांबलेल्या गाड्यांत काढली.

अशा प्रसंगी जीव वाचवणाऱ्या वस्तू दुर्मीळ किंवा महाग असतात असे नाही. त्यांतील बहुतेक घरात असतातच. पण त्या जागेवर नसतात, कोरड्या नसतात, किंवा त्यांचा उपयोग कोणाला ठाऊक नसतो.

पहिली वस्तू म्हणजे पाणी. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी रोज तीन लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी पंचेचाळीस लिटर पाणी हवे. झाकणाची स्वच्छ भांडी भरून ठेवली, की एवढा साठा सहज होतो. तो संपला आणि गढूळ पाण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर फडताळातील तुरटीचा खडा उपयोगी पडतो. तो पाण्यात काही वेळा फिरवला असता गाळ तळाशी बसतो. मग वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. जुनी सुती साडीही टाकाऊ नव्हे. बांगलादेशातील खेड्यांत शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तेथील स्त्रिया जुन्या साडीची चौपदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळू लागल्या, तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी कापडात अडकतात. या प्रयोगाचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या साडीपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेली साडी अधिक चांगली, असेही त्यात आढळले. तथापि तुरटीने किंवा कापडाने सगळे रोगजंतू नाहीसे होत नाहीत. म्हणून असे पाणी खळखळ उकळूनच प्यावे.

दुसरी जोडी मीठ-साखरेची. पुरानंतर अतिसार बळावतो, शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि लहान मुले तर काही तासांत गळून जातात. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली होती. शिरेतून द्यावयाचे औषधी पाणी संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधवून घेतल्या. त्या पाण्यात कालवून रोग्यांचे नातलगच ते पाणी त्यांना पाजू लागले. पूर्वी शंभरांपैकी सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आले. घरी असे पाणी करताना उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून माप चुकू देऊ नये. रोग्याला हे पाणी घोट घोट पाजत राहावे आणि वैद्यकीय मदतही मिळवावी.

काडेपेटी कोणत्या घरात नसते? पण ओल्या भिंतीजवळच्या फळीवर ठेवलेली काडेपेटी नेमक्या वेळी पेट घेत नाही. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली, तर तीच कामास येते. विजेरीचे सेल बाहेर काढून तिच्याशेजारीच ठेवावेत. आत राहिल्यास ते पाझरून विजेरी निकामी करतात. भूकंपानंतर मात्र काडी ओढू नये. गॅसची नळी फुटली असेल, तर एका ठिणगीने घर पेटते. त्या वेळी विजेरीच खरी.

शिट्टी हे मुलांचे खेळणे समजले जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखाली सापडलेला माणूस ओरडून ओरडून लवकर थकतो आणि त्याच्या नाकातोंडात धूळ जाते. शिट्टीला थोडाच श्वास लागतो आणि तिचा आवाज दूरवर पोहोचतो. म्हणून ती उशाशी असावी. पलंगाजवळ जाड तळाची पादत्राणेही असावीत, कारण अंधारात फुटलेल्या काचेने पाय कापला, तर धडधाकट माणूसही जागीच अडकून पडतो.

काही वस्तू तर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. आजीचा जुना चष्मा, आजोबांच्या नित्याच्या औषधांची नावे लिहिलेला कागद, घरातील कागदपत्रांच्या प्रती आणि नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक हे सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. क्रमांक मोबाइलमध्ये असतात खरे. परंतु मोबाइल बंद पडल्यावर आईचा क्रमांक आठवत नाही, अशी अनेकांची स्थिती असते.

या साऱ्या वस्तू दाराजवळच्या एका पिशवीत मावतात. पाण्याची भांडी तेवढी वेगळी ठेवावी लागतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या आवराआवरीत, पिशवी उघडून औषधांची मुदत आणि सेल तपासावेत. पिशवी कोठे आहे, हे घरातील सर्वांत लहान मुलालाही ठाऊक असावे. कारण संकट येईल, त्या वेळी कदाचित घरात तेच एकटे असेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे जुनी माणसे सांगत. बेगमी करणारे घर भित्रे नसते. त्या घराने आपले भय आधीच पिशवीत बांधून ठेवलेले असते, म्हणून वेळ आली की त्याचे हात शेजाऱ्याला मदत करण्यास मोकळे राहतात.

शब्दार्थ
बेगमी – पुढील काळासाठी केलेला साठा.
शाकारणे – छपरावर गवत किंवा कौले नीट बसवणे.
पटकी – कॉलरा.
गत्यंतर – दुसरा उपाय.

स्वाध्याय
१. पुरानंतर पुण्यात पाण्याची टंचाई का निर्माण झाली?
२. तुरटीने निवळलेले पाणी उकळूनच का प्यावे?
३. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाला ओरडण्यापेक्षा शिट्टी अधिक उपयोगी का?
४. तुमच्या घरातील माणसांसाठी तीन दिवसांना किती पाणी लागेल, ते काढा.
५. घरातील वडीलधाऱ्यांच्या मदतीने अशी एक पिशवी तयार करा आणि तिच्यातील वस्तूंची यादी वर्गात वाचून दाखवा.