देखणा पट आणि राजुऱ्याचे दफ्तर

पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्या एका गृहस्थाविषयी मी हे लिहितो आहे. नाव घेणार नाही, पण राग लपवणारही नाही. राजुऱ्यातल्या आमच्या व्यापारी घराण्याचा त्याने करून दिलेला पट दिसायला देखणा आहे. सर्वांत वर गोंड राजाने दिलेली जमीन, तिच्याखाली एकाखाली एक पिढ्या, प्रत्येक नावापुढे सन. घरच्यांना तो आवडला आणि शंका विचारणारा मी खुसपटे काढणारा ठरलो. त्या शंका खऱ्या होत्या, हे आता राजुऱ्याच्या कागदांवरूनच दाखवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की जुना महसुली कागद सारा कोणाकडून वसूल करायचा ते सांगतो. कोण कोणाचा मुलगा हे त्यात आले तर ओघाने येते, आणि घराणे व्यापाऱ्याचे असेल तर पुष्कळदा येतच नाही. असा कागद पुढे ठेवून कोणी सरळ उभी वंशरेषा काढून देत असेल, तर त्याने मधल्या जागा स्वतःच्या मनाने भरल्या आहेत असे समजावे.

मुळात राजुऱ्याचा कागद एका जागी नाहीच. हा तालुका निजामाच्या राज्यात आधी सिरपूर-तांदूर जिल्ह्यात होता, १९०५ नंतर आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. पुढे कोरपना आणि जिवती हे तालुके वेगळे झाले. म्हणजे आज जिवतीत मोडणाऱ्या गावाचा जुना कागद शोधताना आदिलाबाद, नांदेड आणि चंद्रपूर अशा तिन्ही दिशांना पाहावे लागते, शिवाय हैदराबादचे राज्य अभिलेखागार आहेच. माणिकगडच्या पहाडावरच्या चौदा गावांवर तर आजही दोन राज्यांचा वाद आहे. ज्याने फक्त चंद्रपूरचा कागद पाहिला, त्याने राजुऱ्याचा उत्तरार्ध पाहिला. आमच्या पटकर्त्याने नेमके तेच केले आणि पूर्वार्ध वर्धा नदीपलीकडच्या कागदांवरून भरून काढला.

ही भर किती चुकीची आहे ते कळायला दोन काठांवरच्या जमीन महसुलाच्या रीती पाहाव्या लागतात. पलीकडे, म्हणजे बल्लारपूर-चांद्याकडे, १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजाराला गावाची मालकी दिली. गाव सोळा आण्यांचे, त्यात कोणाचा किती आणे हिस्सा हे खेवटात लिहिलेले. भाऊबंद वेगळे झाले की हिस्से फुटत, म्हणून तिथे एका घराच्या फांद्या कागदावर बऱ्यापैकी उमटतात. १९५१ मध्ये मालगुजारी जाईपर्यंत हे चालले. अलीकडे, निजामाच्या मुलखात, रयतवारी. सर्व्हे नंबर घ्या, त्यापुढे एक पट्टेदार. चार भाऊ एकत्र राबत असले तरी पट्टा थोरल्याच्या नावे, आणि बाकीचे शिकमीदार, म्हणजे पोटहिस्सेदार, म्हणून कुठे नोंदले गेले तर गेले. मग सेतवारात, म्हणजे सर्व्हे नंबरांच्या नोंदवहीत, एकच नाव दिसते म्हणून त्या पिढीत एकच पुरुष होता असे मानायचे का? आमच्या पटावर तसेच मानले आहे. तीन पिढ्या एकुलता एक मुलगा! आमच्या घराला इतका संकोच कधीपासून झाला, हे मी विचारले तर उत्तर आले की "कागदात जे आहे तेच आम्ही देतो". कागदात पट्टेदार आहे. एकुलता मुलगा कागदात नाही.

नावांची गोष्ट आणखी अवघड. जुन्या नोंदीत आडनाव क्वचित असते. अमुक वल्द तमुक, जात कोमटी किंवा मारवाडी, एवढ्यावर काम भागते. आमच्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे तीच जोडी एक पिढी सोडून पुन्हा येते आणि दोन माणसांचा एक होतो. व्यापारी घरात गादी चालवायला दत्तक घेणे ही नेहमीची गोष्ट. 'वल्द' पुढे दत्तक बापाचे नाव लागते आणि जन्माचे घर कागदातून पुसले जाते. त्यात पेढीचे नाव आणखी घोळ घालते. नागपूर-कामठीची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी सर कस्तुरचंद डागा चालवत होते तेव्हाही तिचे नाव बन्सीलाल अबीरचंदच होते, आणि त्यांच्यानंतरही तेच राहिले. विसाव्या शतकातल्या कागदावर ते नाव वाचून बन्सीलाल तेव्हा हयात होते असे कोणी लिहिले तर आपण हसू. लहान पेढ्यांच्या बाबतीत मात्र हसायला कोणी उरत नाही, कारण पेढी केव्हाच बुडालेली असते आणि नाव तेवढे शिल्लक असते.

याहून मोठी चूक म्हणजे महसुली कागदावर सावकाराचे नाव दिसले की त्याला जमीनमालक करून टाकणे. वऱ्हाडचे उदाहरण सर्वांना पाहता येण्याजोगे आहे. निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या काळात पूरणमल सावकाराकडे वऱ्हाडचे बरेचसे परगणे मक्त्याने होते. १८३९ मध्ये ते काढून घेऊन पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे दिले गेले. याच पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात मुंबईला नेला आणि खामगावसारख्या ठिकाणी गाठी बांधण्याचे दाबयंत्र बसवले. सरकारला दिलेल्या कर्जापोटी तिला महसूल लावून दिला होता, आणि १८४५ मध्ये तो सोडावाही लागला. त्या वर्षांच्या कागदांत पेस्तनजींचे नाव ठिकठिकाणी येईल, पण वऱ्हाड त्यांच्या मालकीचे होते असे त्यांचा वंशजसुद्धा म्हणणार नाही. वसुलीचा हक्क, गहाण आणि मालकी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे निजामाचे दिवाण सालारजंगांनी मक्तेदारी मोडून सरकारी अंमलदारांकडून वसुली सुरू केली, तेव्हा पुष्कळ सावकारांची नावे कागदावरून अचानक नाहीशी झाली. पट करणारे अशा जागी 'स्थलांतर' असे लिहून मोकळे होतात.

आता गोंड राजाच्या देणगीकडे. चांद्याचे गोंड राज्य रघुजी भोसल्यांनी १७५१ मध्ये खालसा केले. आमच्या पटावर देणगीचा सन त्याच्यानंतरचा आहे. इथे मला पहिला धक्का बसायला हवा होता असे कोणी म्हणेल. बसला, आणि मी तो बोलूनही दाखवला. लेखनदोष असेल, असे उत्तर मिळाले. पण खरा उलगडा झाला तो सनांच्या दुसऱ्या एका जोडीने. पटावर एका पूर्वजाचा मृत्यू १८९५ चा, आणि त्याच पूर्वजाने पट्टा घेतल्याचे साल १९०३! दोन्ही नोंदींत मुळात एकच आकडा होता, १३१२. एक नोंद हिजरी सनाने वाचली, दुसरी फसली या महसुली सनाने. हिजरी १३१२ म्हणजे १८९४-९५, आणि हैदराबादचे फसली १३१२ म्हणजे १९०२-०३. आठ वर्षांचे अंतर आकड्यात दिसत नाही, सन कोणता हे कळले तरच दिसते. ज्याला एवढेही ठाऊक नाही तो माझ्या पणजोबांना मेल्यावर आठ वर्षांनी जमीन घ्यायला लावतो आणि वर पावतीही देत नाही.

सनांचा हा फास राजुऱ्यात चहूकडून आहे. हैदराबादी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, कारण त्यांचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि आजूर, दय, बहमन असे महिने चालत. उत्तरेकडचे फसली साल याच्या दोनेक वर्षे मागे. मारवाडी वह्यांत विक्रम संवत, मराठी कागदात शक, आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांच्या वहीत नुसते संवत्सराचे नाव. विकारी संवत्सर १८३९-४० ला आले, १८९९-१९०० ला आले आणि २०१९-२० लाही आले. वहीत नुसते 'विकारी' असेल तर साठ वर्षे इकडे की तिकडे, हे शाईवरून कळत नाही, सोबतच्या व्यवहारावरून कळते. रकमाही अशाच. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा होता. हाली रुपये कलदार समजून पूर्वजांना उगीच श्रीमंत करू नये.

यावर एक आक्षेप असा येतो की न्यायालयसुद्धा जुन्या महसुली नोंदी पुरावा म्हणून घेते, मग तुम्हीच कोण लागून गेलात. घेते, ताबा आणि सारा यांपुरता. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे तिथेही वारंवार सांगितले गेले आहे. नातेही होत नाही. दुसरा आक्षेप: दुसरा कागदच नाही तर करायचे काय? हे खरे नाही. त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरू स्वतः आपले गाव, भाऊ, मुले, आई यांची नावे लिहून देत. महसुली कागदात जे भाऊ गायब असतात ते तिथे भेटतात. बायकांची नावेही भेटतात, ज्यांतले आमच्या पटावर एकही नाही. घरातल्या वह्या, गहाणखते, वाटणीपत्रे, नोंदणीकृत दत्तकपत्रे यांतून नाते कळते. जमिनीच्या कागदातून ते नाते कुठल्या गावात, कधी होते याची खात्री पटते. क्रम हाच हवा. पटकर्ते तो उलटा करतात, कारण नामावळी पाहायला प्रवास आणि चिकाटी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड असतो: चुकला असेल थोडा, पण देखण्या पटाने बिघडले काय? बिघडते. उद्या वाटणीच्या दाव्यात तोच पट पुढे येतो आणि शिकमीदार भावांची लेकरे उघडी पडतात. आणि दुसरेही एक आहे, जे आमच्या लोकांना ऐकायला आवडत नाही. आदिलाबादच्या या पट्ट्यात गोंड आणि कोलामांची जमीन कर्जापायी बाहेरच्यांकडे गेली. १९४० नंतर इथे फिरलेल्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फने ते लिहून ठेवले आहे, आणि त्यानंतरच निजाम सरकारने आदिवासींना लावणी खासचे पट्टे दिले. पुढे महाराष्ट्राने १९७४ चा कायदा करून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत द्यायची तरतूद केली. त्या प्रकरणांच्या मिसली व्यापारी घराण्यांच्या माहितीने भरलेल्या असतात, कारण तिथे कोणी कोणाकडून काय घेतले याची जबानी असते. पण पटावर 'देणगी' हा शब्द शोभतो, 'गहाण बुडाले' शोभत नाही.

स्वतः शोधणाऱ्याने आधी गाव ठरवावे आणि ते गाव कोणत्या साली कोणत्या जिल्ह्यात होते ते कागदावर मांडावे. आजचा गट नंबर घेऊन जाऊ नये, एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबर काढावा. सेतवार, फैसल पट्टी, १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्यानंतरची पाहणी पत्रके एकापुढे एक लावावीत, कारण हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतरच्या या खासरा पत्रकात कब्जेदाराची नोंद असल्याने पट्टेदारामागचा माणूस बऱ्याचदा पहिल्यांदा तिथे दिसतो. कैफियतीचा रकाना सोडू नये. फौत, गहाण, वाटणी हे शब्द तिथेच कोंबलेले असतात. हैदराबादेत १८८४ पर्यंत दरबारी भाषा फारसी होती, नंतर उर्दू. गावचा हिशेब मोडीत. तेव्हा शिकस्ता (फारसी-उर्दूचे घसरते अक्षर) आणि मोडी वाचणारी माणसे वेगवेगळी लागतील, आणि दोन्ही येते म्हणणाऱ्याची परीक्षा घ्यावी. मूळ कागदाची प्रमाणित नक्कल घ्यावी. घाई करू नये, म्हाताऱ्यांना वेळेत विचारून घ्यावे, हे तर सगळेच सांगतात.

आणि पैसे देऊनच काम करून घ्यायचे असेल, तर व्यवहाराआधी लेखी मागा: पटावरच्या प्रत्येक नावापुढे गाव, जुना सर्व्हे नंबर, कागदाचे नाव, मूळ आकडा आणि तो कोणत्या सनाचा, आणि कागद कुठल्या कचेरीत आहे. जिथे पुरावा नाही ती जागा कोरी सोडायला सांगा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असा प्रश्न आला, तर नाही असे सांगा आणि इसार देऊ नका.