हॉर्सटेल घरात वाढवा, गोदावरीत जाऊ देऊ नका

द्राक्षबागांत गोडी छाटणीची धांदल असते, त्याच ऑक्टोबरच्या दिवसांत शहरातला ग्राहक दिवाळीसाठी रोपवाटिकेची वाट धरतो. बाल्कनी अरुंद, मातीचा पसारा नको, रोज पाणी घालायला वेळ नाही, अशा घरासाठी पाण्यात वाढणारे हॉर्सटेल उत्तम झाड आहे. त्याची विभागणी करून नवीन कुंडी भरायलाही हेच दिवस योग्य. पावसाळ्यातली वाढ नुकतीच झालेली असते, हवेत अजून ऊब असते आणि डिसेंबरची थंडी पडण्याआधी मुळांना पाय रोवायला सहा-आठ आठवडे मिळतात. ऑक्टोबर हुकला तर फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत थांबावे. एप्रिल-मे महिन्यात विभागणी करूच नये.

रोप घेताना ते नीट ओळखून घ्या. हिरवी, सरळ, पोकळ, बोटापेक्षा बारीक कांडी. तिच्यावर उभ्या बारीक रेघा. ठरावीक अंतरावर पेर आणि प्रत्येक पेराभोवती काळसर-पांढरे कडे. पाने जवळजवळ नाहीतच, ती पेरावरच्या त्या कड्यात आक्रसलेली असतात. कांडी ओढली तर पेरापाशी सुटी होते. लकी बांबू म्हणून विकले जाणारे झाड वेगळे, त्याला रुंद पाने असतात. शोभेसाठी बहुधा मिळते ती जात इक्विसेटम हायमेल. अकरावीच्या जीवशास्त्रात नेच्यांच्या सोबतीने येणारे इक्विसेटम ते हेच कूळ. याला फूल येत नाही, बी धरत नाही. शेंड्यावरच्या बोंडातून बीजाणू सुटतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या जंगलांत या कुळातले नातलग मोठ्या वृक्षांएवढे वाढत, आणि त्या जंगलांच्या अवशेषांतून दगडी कोळसा झाला. अशा वंशातले झाड टेबलावर उभे आहे हे घरातल्या मुलांना जरूर सांगावे.

आता लागवड. भोक नसलेली, चकचकीत मुलाम्याची मातीची किंवा चिनी मातीची कुंडी निवडा. काचेचे भांडे देखणे दिसते, पण उजेड थेट पाण्यात जाऊन महिन्याभरात शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात पाणी तापते. काचच हवी असेल तर बाहेरून गडद कापड किंवा टोपली लावा. रोपाचा गड्डा बादलीभर पाण्यात हलवून माती पूर्ण धुवा. आले-हळदीप्रमाणे याचेही आडवे खोड जमिनीखाली पसरते आणि नवे कोंब त्यातूनच येतात. त्या खोडाचा मुळांसकट तुकडा आणि त्यावर निदान तीन-चार निरोगी कांड्या एवढी एका कुंडीची जुळणी ठेवा. नुसती कापलेली कांडी पाण्यात बरेच दिवस हिरवी राहते, पेरातून कधी मुळेही फुटतात, पण त्या भरवशावर कुंडी विकायला ठेवू नये.

कुंडीच्या तळाशी धुतलेली खडी, वर बारीक कच, मधे रोप. पाणी एवढेच भरा की मुळे आणि आडवे खोड भिजेल, पण पाण्याची पातळी कचाच्या वरच्या थरापेक्षा बोटभर खाली राहील. नाशिकमध्ये या एका बोटाचे मोल फार आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंग्यूचा काळ असतो आणि एडिस डास घरातल्या स्वच्छ, उघड्या, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाणी खडीच्या आत राहिले तर डासाला पाण्यापर्यंत जागाच मिळत नाही. ज्यांना उघड्या पाण्यातच झाड ठेवायचे आहे त्यांनी आठवड्यातून एक ठरलेला दिवस पाळून पाणी पूर्ण बदलावे आणि भांड्याची आतली बाजू ब्रशने घासावी, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पाणी कोणते, हा प्रश्न नेहमी येतो. महापालिकेचे नळाचे पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवून वापरावे, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो. बोअरचे पाणी चालते, पण ते जड असेल तर कचावर पांढरे क्षार साचतात; त्यात निम्मे पावसाचे किंवा नळाचे पाणी मिसळावे. आरओचे पाणी एकटे मात्र देऊ नका. हॉर्सटेलच्या खोडाचा ताठपणा सिलिकावर उभा असतो. सिलिका खोडात इतकी साठते की पूर्वी युरोपात याच कांड्यांनी भांडी घासत आणि लाकूड गुळगुळीत करत. बहुतेक पिके सिलिकाशिवाय निभावून नेतात, या झाडाला ती लागतेच. आपल्या बेसाल्टच्या प्रदेशातल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, आरओ यंत्र ती काढून टाकते, आणि मग कांड्या लुळ्या पडू लागल्या की ग्राहक रोपवाटिकेला दोष देतो.

खताची घाई नको. नवीन कुंडीला पहिला महिना काहीच देऊ नये. त्यानंतर द्राक्षाच्या ठिबकला वापरतो तेच 19:19:19 लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, पाणी बदलताना. कॅल्शियम नायट्रेट द्यायचे झाल्यास वेगळ्या वेळी द्या. दोन्ही एकत्र केले की साका बसतो, हे ठिबकवाल्या शेतकऱ्याला सांगायला नको. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, खत पूर्ण बंद. थंडीने हे झाड मरत नाही, फक्त वाढ थांबवते.

घरातले हॉर्सटेल खराब होते ते बहुतेक वेळा उजेडाअभावी. याला पाने नाहीत, अन्न तयार करण्याचे सगळे काम हिरव्या खोडाला करावे लागते. बैठकीच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले की नवे कोंब बारीक, फिके आणि वाकडे येतात. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, सकाळचे दोन-तीन तास ऊन अंगावर यावे. ज्यांच्या घरात तेवढा उजेड नाही त्यांच्यासाठी माझा आग्रह दोन कुंड्यांचा आहे: एक आत, एक बाल्कनीत, दर आठवड्याला अदलाबदल. रोपवाटिकांनी अशी जोडीच विकावी, ग्राहक समाधानी राहतो. मार्चनंतर पश्चिमेच्या उन्हातून कुंडी हलवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि मुळे कुजतात. कुजल्याचा वास आला की वाट न पाहता काळी मुळे कापून, खडी धुऊन कुंडी नव्याने भरावी. वाळलेली कांडी बुडापासून काढा. शेंडे छाटून एकसारखी उंची करू नका, छाटलेली कांडी वर वाढत नाही आणि टोक तपकिरी पडते.

सर्वांत काळजीचा मुद्दा पुढे आहे. आपल्या गोदावरीवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांसाठी ती बंगालमध्ये आली आणि आज ती सांडपाण्यावर पोसत नांदूर मधमेश्वरपर्यंत पोहोचली आहे. 2020 मध्ये रामसर दर्जा जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र ते हेच. हॉर्सटेल पाण्यावर तरंगत नाही, पण ओल्या काठाच्या मातीत त्याच्या आडव्या खोडाचा छोटा तुकडाही रुजतो, खोल जातो आणि तणनाशकाला सहज दाद देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांनी या संपूर्ण कुळावर बंदी घातली आहे ती याच अनुभवातून. आपल्या देशात याच कुळातली एक जात नदीकाठच्या वाळूत निसर्गतः वाढते, म्हणून शोभेची परदेशी जात सोडली तरी बिघडत नाही, असे समजू नये.

म्हणून घरातले झाड वाळले, कंटाळा आला, तर ते निर्माल्यासोबत रामकुंडावर किंवा नाल्यात टाकू नका. कुंडीचे पाणीही तुकडे गाळूनच ओता. काढलेले खोड सिमेंटच्या ओट्यावर कडक उन्हात चुरचुरीत होईपर्यंत वाळवा आणि मगच घंटागाडीत द्या. ओल्या कचऱ्यात दिले तर ते खतात जाईल आणि खतातून कुणाच्या तरी शेतात. गुरांच्या चाऱ्यातही जाऊ देऊ नका. यातले थायमिनेज ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते आणि घोड्यांना त्याची विषबाधा होते. शेतात, बांधावर, शेततळ्याच्या काठावर शोभेसाठी लावणे तर पूर्ण टाळावे.

द्राक्ष निर्यात करणाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका येऊ शकते. युरोपीय संघाने 2014 मध्ये इक्विसेटम आर्वेन्सचा काढा भुरी आणि डाऊनीसाठी मूळ पदार्थ म्हणून मान्य केला. ती जात वेगळी आणि ही घरातली वेगळी. कुंडीतल्या कांड्या उकळून बागेवर फवारू नका, आणि स्वतः तर मुळीच पिऊ नका. आपल्याकडे बायोडायनॅमिक शेती करणारे 508 क्रमांकाचे द्रावण हॉर्सटेलऐवजी सुरूपासून बनवतात. कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारा हा सुरूही पेरापेरांच्या बारीक काड्यांचा आहे, पण तो सपुष्प वृक्ष आहे आणि सहज उपलब्ध आहे.

रोपवाटिकाधारकांनी मातृरोपे सिमेंटच्या टाकीत, जमिनीपासून उंचावर ठेवावीत. ग्रो-बॅग थेट मातीवर ठेवली की तळाच्या भोकातून खोड बाहेर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात शेडच्या कडेने कोंब दिसू लागतात. विकताना प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लावा: भोक नसलेल्या कुंडीतच ठेवा, उन्हात वाळवून टाका, पाण्यात सोडू नका.