शिकाऊ मुलांना नाही म्हणू नकोस

चि. निखिल,


कॉलेजने डी.फार्म.ची दोन मुलं तुझ्या औषधांच्या दुकानात प्रशिक्षणासाठी घेशील का असं विचारलं आहे आणि तुझ्या मनात नाही, असं वहिनीकडून कळलं. माझं ऐकशील तर हो म्हण.

दिवाळीत म्हणाला होतास, "आत्या, स्ट्रिपा कापायला एवढं शिकायला कशाला हवं होतं?" ते मला फार लागलं. आपल्याला जे येतं ते कुणी विचारतच नाही; गिऱ्हाईक विचारतं ते डिस्काउंट. शिकाऊ मूल मात्र 'का' विचारतं. माझ्याकडच्या एका मुलीने विचारलं, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? संधिवाताची ही गोळी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं, हे तिला समजावताना मी रात्री पुन्हा पुस्तक उघडलं. पुढे एका आजोबांना तिने स्वतःहून वार विचारला, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवारी' लिहिलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्या दिवशी मी घरी गेले ती आपण फार्मासिस्ट आहोत या समाधानात.

भाडं, ऑनलाइनवाल्यांची सूट, बारा बारा तास उभं राहणं, यातलं काही मुलं आल्याने सुटणार नाही. कंटाळा मात्र नक्की कमी होईल.

पण ठेवायचं तर नीट ठेव. नियमाने 500 तास, किमान तीन महिने, आणि त्यातले निदान 250 तास चिठ्ठीप्रमाणे प्रत्यक्ष औषधं देण्यात जायला हवेत. काही जण नुसती सही-शिक्का करून देतात. तू कदापि करू नकोस. तेच मूल उद्या कुणाच्या तरी आईला औषध देणार आहे. दिवसभर खोकी उचलायला लावू नकोस. एच-वन औषधांचं रजिस्टर तुझ्या नजरेखाली भरू दे. एक डेमो इनहेलर मागवून ठेव. आधी श्वास सोडायचा, मग ओढताना दाबायचं, दहा सेकंद रोखायचा, आणि स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, हे मुलांनी पेशंटला करून दाखवावं, तू शेजारी उभा राहा.

दोघांना एकदम घेऊ नकोस, तुझं लक्ष पुरणार नाही. दुपारी गर्दी नसते, तो वेळ प्रश्नांना दे. कॉलेजला याच आठवड्यात कळव, नाहीतर त्यांना दुसरीकडे पाठवतील.

तुझी,
आत्या