आधी कोणते, मग कोणते?

शेतकरी आधी नांगरतो, मग पेरतो. कोणी आधी पेरले आणि मग नांगर घातला, तर बी वाया जाईल. कामे तीच, पण क्रम चुकला. हिशेबाचेही तसेच आहे. आकडे खरे असूनही क्रम चुकला की उत्तर चुकते, आणि पदरचे पैसे जातात.

ही गोष्ट आमच्या रात्रीच्या वर्गातली आहे. वर्गात एक मावशी येत. साठीला आल्यावर त्यांनी पाटी हाती धरली. एके दिवशी त्यांनी दुकानाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मागची बाकी २ रुपये होती. नवीन खरेदी १२ किलो तांदूळ, भाव किलोला ४६ रुपये. चिठ्ठीवर असे लिहिले होते :

२ + १२ × ४६ = ६४४

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पैसे देऊन आले. पण मन मानत न्हाई. जरा बघा."

मी चिठ्ठी पाहिली. दोन आणि बारा चौदा, चौदा गुणिले सेहेचाळीस, सहाशे चव्वेचाळीस. "बरोबर आहे," असे म्हणून मी चिठ्ठी परत दिली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दहा किलोचे ४६०. वरच्या दोन किलोचे ९२. झाले ५५२. मागचे दोन धरून ५५४. मग हे ६४४ कुठनं आले? अन् गुरुजी, दोन रुपये आणि बारा किलो यांची मिळवणी कशी व्हती?"

मी मान खाली घातली. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेला हिशेब मीच घाईत चुकलो होतो. मावशींचे अक्षर अजून वाकडे होते, पण विचार सरळ होता. दोन रुपये हे पैसे आहेत, बारा हे किलो आहेत. आधी किलोंचे रुपये करावेत, मगच रुपयांत रुपये मिळवावेत. म्हणून गुणाकार आधी, बेरीज मागून.

मग दुकानदार लबाड होता काय? तसेही नाही. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर बटणे दाबावीत तसा पुढे पुढे हिशेब करीत जातो. २ मध्ये १२ मिळवले की तो १४ धरतो आणि १४ लाच ४६ ने गुणतो. बहुतेक मोबाईलमधला कॅल्क्युलेटर मात्र गुणाकार आधी करतो. दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात गेल्या. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "मावशी, यंत्र चुकत न्हाई." त्या म्हणाल्या, "मग तुझ्या मोबाईलवर हेच आकडे दाब." उत्तर आले ५५४. पोराने ९० रुपये मुकाट्याने परत केले.

नियम कोणता?

शाळेत हा क्रम पाठ व्हावा म्हणून एक शब्द शिकवतात : कंचेभागुबेव. कं म्हणजे कंस. चे म्हणजे 'अमक्याचे अर्धे, तमक्याचे पाव' असा हिशेब. भा म्हणजे भागाकार, गु गुणाकार, बे बेरीज, व वजाबाकी.

कंस म्हणजे आकड्यांभोवतीचे कुंपण. कुंपणातले काम आधी उरकायचे. समजा, शेतावर ३ बाया आणि २ गडी आहेत. प्रत्येकाला ४ भाकरी द्यायच्या आहेत. इथे आधी माणसे मोजली पाहिजेत. म्हणून असे लिहावे :

( ३ + २ ) × ४ = २०

कंस विसरला आणि ३ + २ × ४ असे लिहिले, तर उत्तर ११ येते. मग नऊ भाकरी कमी पडतील, आणि दोघे पुरते उपाशी राहून तिसऱ्याला एक कमी मिळेल.

इथे पुष्कळ जण फसतात

कंचेभागुबेव मध्ये 'बे' आधी आहे आणि 'व' मागून आहे. म्हणून पुष्कळांना वाटते की बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी करावी. तसे नाही. असे पाहा. एस. टी.त २० उतारू होते. थांब्यावर ८ उतरले आणि २ चढले.

२० − ८ + २ = १४

८ आणि २ यांची बेरीज आधी केली, तर १० वजा होऊन उत्तर १० येईल. म्हणजे जे दोघे चढले त्यांनाही आपण खाली उतरवले! बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा. डावीकडून जे आधी येईल ते आधी करावे. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच. २४ किलो धान्य ४ घरांत सारखे वाटले, तर २ घरांचे मिळून किती? २४ ÷ ४ × २ = १२ किलो.

हा क्रम देवाने घातलेला नाही. रस्त्याने डाव्या बाजूने जावे हे जसे माणसांनी ठरवले, तसाच हाही ठरवला. सगळ्यांनी एकच पाळला म्हणजे एकाचे लिहिणे दुसऱ्याला कळते. बरोबरीचे = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली छापलेल्या पुस्तकात प्रथम वापरले. त्याच्या कितीतरी आधी, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली. तिच्यात गणिते श्लोकांतून शब्दांत सांगितली आहेत. उत्तरापासून उलट मागे जाण्याची रीतही तिच्यात आहे. ती रीत ताळा पाहायला फार उपयोगी पडते. मावशींचे ६४४ घ्या. त्याला ४६ ने भागले की १४ येतात. पण तांदूळ तर १२ किलोच नेला होता! चूक तिथेच सापडते.

शेकड्याची गंमत

आता मनाला न पटणारी एक गोष्ट पाहा. समजा, रोजची मजुरी ३०० रुपये आहे. मालक म्हणतो, "या हंगामात शेकडा २० कमी देतो. पुढच्या हंगामात शेकडा २० वाढवीन. फिटंफाट!"

फिट्टंफाट होते काय? ३०० चे शेकडा २० म्हणजे ६०. मजुरी झाली २४०. आता वाढ मिळेल ती २४० वर, म्हणजे ४८ रुपये. मजुरी होईल २८८. रोजचे १२ रुपये गेले. महिन्यात २५ दिवस काम केले तर ३०० रुपये गेले. एक दिवस फुकट राबल्यासारखे झाले!

आधी वाढवून मग कमी केले तर? ३०० चे ३६०. त्यातून ७२ गेले. पुन्हा २८८ च! इथे क्रम बदलून फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा गुणाकारच आहे. २४० वरून पुन्हा ३०० वर यायचे तर ६० रुपये वाढ हवी, म्हणजे शेकडा २५.

म्हणून कोणी शेकडा म्हटले की विचारा : "कशाचे शेकडा?"

ध्यानात ठेवा

कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी हिशेब पुन्हा करा. कोणता आकडा रुपये, कोणता किलो, कोणता माणसे, ते पाहा. यंत्र म्हणते, गुरुजी म्हणतात, म्हणून मान डोलवू नका. विचारायला लाजू नका.

अभ्यास

१. गाडीत ५० उतारू होते. १५ उतरले, ५ चढले. आता किती?
२. मागची बाकी १० रुपये. ४ नारळ, दर ३० रुपये. एकूण किती?
३. ३ बाया आणि ५ गडी. प्रत्येकाला २५० रुपये. कंस घालून लिहा.
४. ५०० रुपयांत शेकडा १० वाढ झाली, मग शेकडा १० घट झाली. किती राहिले?

उत्तरे : (१) ४०. (२) १३० रुपये. (३) ( ३ + ५ ) × २५० = २००० रुपये. (४) ४९५ रुपये.