सांगून काय होणार?

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आरोग्याच्या सभा होतात, तरी बाळं दगावतातच. आधी रस्ता आणि डॉक्टर द्या ना! – एक वाचक

उत्तर : तुमची मागणी रास्त आहे. अडलेली बाळंतीण भाषणाने सुटत नाही, आणि मोलगीपलीकडच्या डोंगरात रुग्णाला झोळीतून न्यावं लागतं, हा दोष अज्ञानाचा नाही. पण नवजात बाळाचे धोके बहुधा घरातच सुरू होतात : अंग गार पडणं, जंतुसंसर्ग, श्वास न घेणं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना बाळ तपासायला, कपड्यात गुंडाळून ऊब द्यायला, गरज पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार, उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, उपक्रम नसलेल्या तुलनेच्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटला होता. तिथे शिक्षणाबरोबर हातात थर्मामीटर, वजनकाटा आणि औषधही होतं. आपल्या सभांत नेमकं तेच नसतं, वर भाषा पुस्तकी मराठी.

‘लोक परंपरा सोडत नाहीत’ हा आक्षेप मला आळशी वाटतो. देहवाली किंवा पावरी बोलणाऱ्या सासूबाईंना, सुईणीला आणि पुजाऱ्यालाही विश्वासात घेऊन, जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ का नको, हे कुणी समजावलं का? वेळही पाहायला हवी : दिवाळीनंतर माणसं मजुरीला गुजरातेत जातात. सभा त्याआधी हवी. आशाताईला औषधांची पेटी भरून मिळते का, हे ग्रामसभेत विचारा. रस्त्याची मागणीही तिथेच लावून धरा.