गाडी सेल्फ घेत नाही? लगेच नवी बॅटरी घेऊ नका

दुधनीहून सिल्वासाला मासळी न्यायची आणि पहाटे टेम्पो अडला, की बर्फ वितळतो, भाव पडतो. म्हणून आम्ही सांगतो तो क्रम लक्षात ठेवा. आधी गाडी न्यूट्रल करा.

१) हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट मंदावली तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.
२) लाइट चांगली, पण एकच 'टक' आवाज : सेल्फ मोटर किंवा तिची वायर बघा. आवाजच नाही : फ्यूज, रिले, चावीचा स्विच.
३) मीटरवर बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण १४ येत नसतील, तर चार्जिंगमध्ये दोष. नवी बॅटरीही उतरेल.
४) मासळीचं पाणी गळून अर्थिंगची वायर गंजते. ती घासून घट्ट करा. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.